बाबाशाई रुपयाची किंमत: बट्ट्यापासून लिलावापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांतून लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही एखादा गायकवाडी रुपया निघतो, आणि कुणीतरी विचारतंच, "आज याचे किती येतील?" नेमका हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सराफाच्या पेढीवर रोज निघत असे. फरक इतकाच, की तेव्हा हा रुपया चलनात होता.

गायकवाडांच्या रुपयाला बाबाशाई म्हणत. सुरुवातीचे रुपये हाताने ठोकलेले. त्यांवर दिल्लीच्या दुसऱ्या अकबराचं नाव फारसीत आणि जोडीला गादीवरच्या महाराजांच्या नावाचं नागरी आद्याक्षर असे. अकबर १८३७ मध्ये वारला, तरी त्याचं नाव पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. १८५७ नंतर खंडेरावांच्या काळात ते जाऊन गायकवाडांच्या 'सेनाखासखेल समशेर बहादूर' या किताबाला जागा मिळाली. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे कडेची अक्षरं हमखास कापली जायची. म्हणून ज्या नाण्यावर सालाचे आकडे पुरते उतरले आहेत, त्याला आज जास्त भाव येतो.

कंपनीच्या, आणि पुढे राणीच्या, रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. बाबाशाई त्याच्या तोडीचा नव्हता, त्यामुळे बदलून घेताना बट्टा, म्हणजे किमतीतली तूट, द्यावा लागे. सराफ नाणं वाजवून बघायचा, तोलायचा, कसाला लावायचा आणि त्या दिवसाचा दर सांगायचा. नाणं दुर्मीळ आहे की नाही, याचा या हिशेबाशी काही संबंध नव्हता.

१८९३ मध्ये मोठी उलथापालथ झाली. इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदीचा भाव घसरत गेला, पण सरकारी रुपया आतल्या चांदीपेक्षा वरच्या किमतीला टिकला. संस्थानी रुपये मात्र चांदीबरोबर खाली आले. नेमक्या याच दशकात बडोद्यात सयाजीराव महाराजांची छबी असलेले, यंत्रावर पाडलेले देखणे रुपये निघत होते. शेवटी १९०१ च्या सुमारास बाबाशाई चलनातून काढून इंग्रजी रुपया आणला गेला. जे रुपये तेव्हा परत गेले नाहीत, देव्हाऱ्यात किंवा पेटीत राहिले, त्यांवरच आजचा बाजार उभा आहे.

म्हणून आज भाव काढताना चांदीचं वजन ही फक्त तळाची किंमत. त्यावर किती चढेल, ते साल, प्रकार आणि विशेषतः अवस्था ठरवते. माझ्या मते आपल्या घरांत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. दरवर्षी पूजेआधी राखेने, रांगोळीने, टूथपावडरीने घासलेला रुपया लखलखतो खरा, पण भिंगाखाली महाराजांच्या पगडीवरच्या बारीक रेघा सपाट दिसतात आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेचे ओरखडे. संग्राहक असं नाणं लगेच खाली ठेवतो. गळ्यात घालायला कडी डाखलेल्या नाण्याचंही तेच. काळवटलेलं पण न घासलेलं नाणं यापेक्षा कितीतरी बरं.

१९७० च्या दशकात जगभरच्या नाण्यांचे जाडजूड कॅटलॉग निघू लागले, आणि अवस्थेप्रमाणे वेगवेगळा भाव छापण्याची पद्धत रुळली. तो छापील भाव दिशा दाखवतो. खरी किंमत कळते ती त्याच साला-प्रकाराचं, तशाच अवस्थेतलं नाणं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं त्यावरून. ऑनलाइन जाहिरातीत मागितलेले लाखो रुपये म्हणजे भाव नव्हे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, कारण 'आधी शुल्क भरा' म्हणून लोकांना गंडवलं जात होतं.

आणखी एक बाब भावावर परिणाम करते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. बाबाशाई रुपये केव्हाच त्या वयाचे झाले आहेत. त्यामुळे इथल्या घरातल्या रुपयाला परदेशी लिलावातला आकडा लावून चालत नाही. त्याचं गिऱ्हाईक देशातच शोधावं लागतं.