कच्चा कैदी, पक्का कैदी: कारागृहात वर्ग नेमका कोणासाठी भरवायचा?

ठाण्यातल्या एखाद्या मंडळाला किंवा कॉलेजच्या एनएसएस गटाला कारागृहातल्या तरुणांना शिकवावंसं वाटलं की प्रस्ताव बहुधा एकाच साच्यातला असतो. दहावीचा वर्ग, वर्षभराचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र. हा बेत शिक्षाबंदीसाठी, म्हणजे पक्क्या कैद्यासाठी ठीक आहे. पण किल्ल्यातल्या ठाणे मध्यवर्ती कारागृहात काय किंवा खारघरजवळच्या तळोज्यात काय, बहुसंख्य असतात ते न्यायबंदी, अर्थात कच्चे कैदी, ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. देशातही २०२२ अखेर दर चार बंद्यांत तिघे न्यायबंदीच होते.

(अठराच्या आतली मुलं या दोन्हींत येत नाहीत. त्यांना कारागृहात ठेवताच येत नाही, त्यांच्यासाठी भिवंडीसारखी निरीक्षणगृहं आहेत.)

शिक्षाबंदीचा हिशोब सरळ आहे. किती काळ आत राहायचं याचा अंदाज त्याला असतो. येरवडा, नाशिकरोडसारख्या ठिकाणी लांब शिक्षेचे बंदी इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीपर्यंत जातात. इग्नू त्यांच्याकडून फी घेत नाही. परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत माफी मिळू शकते, हे आकर्षणही मोठं. सक्तमजुरी असेल तर दिवस कामात जातो, अभ्यास त्यातून वेळ काढून.

न्यायबंदीचं उलट. त्याच्यावर कामाची सक्ती नाही, वेळ ढीगभर, पण उद्याचा भरवसा नाही. आज जामीन होईल, परवा तारखेला नेतील, गर्दी वाढली म्हणून दुसऱ्या जेलात हलवतील. शिक्षाच झालेली नाही, त्यामुळे माफीचंही आकर्षण नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तू जूनमध्ये परीक्षेला बसशील’ असं उत्साहाने सांगणं म्हणजे जूनपर्यंत तू सुटत नाहीस, असंच त्याला ऐकू येतं. मग तो वर्गाला येत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

त्याच्यासाठी प्रत्येक तास त्या दिवशीच पुरा व्हायला हवा. वाचन शिकवायचं तर त्याच्या दोषारोपपत्रातून शिकवा, लेखन अर्जातून. गणितालाही सामग्री तयार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर तो सुटकेस पात्र ठरू शकतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर अडचण येते. समजा, कमाल शिक्षा सात वर्षांची आहे. एक तृतीयांश म्हणजे किती महिने? हे उदाहरण कुणालाही पाठ्यपुस्तकातून शोधावं लागणार नाही.

परीक्षाच हवी असेल तर एनआयओएस, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बरी. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, विषय एकेक करून सोडवता येतात आणि उरलेले बाहेर आल्यावर देता येतात. फक्त नोंदणीच्या कागदांची एक प्रत कारागृहात भेटीला येणाऱ्या आईकडे किंवा भावाकडे पोचेल, याची व्यवस्था अधीक्षकांशी बोलून पहिल्याच आठवड्यात करून घ्या. सुटका संध्याकाळी घाईत होते, तेव्हा वही-पुस्तकं कोण शोधत बसणार?

आणि थोडे का होईना, शिक्षाबंदी असतीलच. त्यांतल्या बारावी झालेल्या एखाद्याला वर्गाचा मदतनीस करा. विद्यार्थी दर महिन्याला बदलतील, हजेरी आणि पुस्तकं मात्र एकाच माणसाकडे राहतील.