फँटसी कादंबऱ्यांच्या संग्राह्य आवृत्त्या : ओळख व मूल्यनिर्धारण

फँटसी कादंबऱ्यांच्या पहिल्या, मर्यादित किंवा अन्य कारणाने दुर्मीळ झालेल्या प्रती ओळखून पुनर्विक्रीसाठी त्यांची किंमत ठरविण्याची पद्धती. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात ही स्वतंत्र शाखा नेमकी केव्हा झाली याविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. तथापि १९६५मध्ये टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अमेरिकी पेपरबॅक प्रतींनी मिळविलेला वाचकवर्ग आणि १९९७नंतरची हॅरी पॉटरची लाट हे तिचे दोन टप्पे सामान्यतः धरले जातात.

व्यापारात ‘फर्स्ट एडिशन’ म्हटले की पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई अभिप्रेत असते. आवृत्ती तीच राहून छपाया दहा-वीस होऊ शकतात व नंतरच्या छपायांचे संग्राहकमूल्य बहुधा नगण्य असते. एकाच छपाईच्या ओघात खिळे (छपाईची धातूची अक्षरे), कागद किंवा बांधणीत फरक पडला तर त्या प्रतींना वेगवेगळ्या ‘स्टेट’ म्हणतात. पुस्तक विक्रीस गेल्यावर प्रकाशकाने जाणूनबुजून बदल केला तर वेगळा ‘इश्यू’ मानतात. विक्रेत्यांच्या याद्यांत या दोन संज्ञा सर्रास एकीच्या जागी दुसरी वापरलेल्या आढळतात.

छपाईच्या खुणा : पहिला आधार कॉपीराइटच्या पानाचा. गेल्या काही दशकांतील पुस्तकांत तेथे अंकांची ओळ असते व तीतील सर्वांत लहान अंक छपाईचा क्रमांक दाखवितो. ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १’ अशी ओळ असेल तर ती पहिली छपाई. दुसरीच्या वेळी १ काढून टाकतात. काही ब्रिटिश प्रकाशक ‘१ ३ ५ ७ ९ ८ ६ ४ २’ अशी मांडणी करतात. तीत अंक दोन्ही टोकांनी काढले जातात, म्हणून पहिला अंक १ नसला की ओळीचे दुसरे टोकही पाहावे लागते. अमेरिकेतील रँडम हाउसच्या अनेक जुन्या पुस्तकांत ‘फर्स्ट एडिशन’ या शब्दांसह २पासून सुरू होणारी ओळ हीच पहिली छपाई होती. हे माहीत नसल्यामुळे खऱ्या पहिल्या प्रती दुसऱ्या छपाईच्या म्हणून स्वस्तात गेल्याचे प्रकार व्यापारात नवीन नाहीत. अंकांची ओळ रूढ होण्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकांत ‘प्रथम प्रकाशित’ एवढीच नोंद असते आणि पुढील छपायांची यादी नसणे हाच पुरावा ठरतो.

टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ हे या रीतीचे ठळक उदाहरण. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विन यांनी ते २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध केले. पहिल्या छपाईच्या १,५०० प्रती निघाल्या व त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. दुसऱ्या छपाईत टॉल्किन यांची चार रंगीत चित्रे घातली गेली. म्हणून रंगीत चित्रे असलेली १९३७ची ब्रिटिश प्रत पाहून हुरळणाऱ्याच्या हाती पहिली छपाई नसते. पहिलीत आतील चित्रे काळी-पांढरीच आहेत. दुसऱ्या छपाईच्या २,३०० प्रतींपैकी ४२३ प्रती १९४०च्या बॉम्बहल्ल्यात बाइंडरच्या गोदामात जळाल्या, तेव्हा तीही विपुल नाही. पहिल्या छपाईच्या वेष्टनावर (पुस्तकावरील सुट्या कागदी आवरणावर), आत दुमडलेल्या मागच्या घडीत लुइस कॅरल यांचे खरे आडनाव ‘डॉजसन’ छापताना एक ‘ई’ जास्त पडला होता व तो शाईने हाताने खोडलेला आहे. भिंगाखाली ही रेघ कागदावर वरून ओढलेली दिसते. नक्कल वेष्टनात तीही छापलेलीच असते. १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीत पाचवे प्रकरण बदलले गेले. त्यामुळे मूळ पाठ हवा असणारा अभ्यासक १९५१पूर्वीची कोणतीही छपाई घेतो, संग्राहक मात्र घेत नाही.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड एकाच वेळी निघाले नाहीत. पहिला २९ जुलै १९५४ला (३,००० प्रती), दुसरा ११ नोव्हेंबर १९५४ला (३,२५० प्रती) व तिसरा २० ऑक्टोबर १९५५ला (७,००० प्रती) आला. तिसरा येईपर्यंत पहिल्याच्या पुढील छपाया बाजारात होत्या. साहजिकच त्या काळात घेतलेल्या बहुतांश संचांत छपाया मिसळलेल्या असतात, आणि विक्रेते तिन्ही खंडांच्या छपाईचे क्रमांक १/१/१, ३/२/१ असे नोंदवितात. प्रत्येक खंडाच्या शेवटी लाल-काळ्या रंगातील घडीचा नकाशा आहे. तो घडीवर फाटलेला, उलटा दुमडलेला किंवा गायब असण्याची शक्यता मोठी, म्हणून छपाई तपासण्यापूर्वीच तो उघडून पाहावा.

तिसऱ्या खंडाच्या ४९व्या पानाविषयी बराच खल झाला आहे. पुस्तक १६ पानी फर्म्यांत बांधलेले असल्याने ४९वे पान चौथ्या फर्म्याचे पहिले पान होय. बांधणाऱ्याला फर्मे क्रमाने लावता यावेत म्हणून अशा पानाच्या तळाशी फर्म्याचा अंक छापतात. पहिल्या छपाईच्या काही प्रतींत येथे ‘४’ आहे, काहींत नाही. शिवाय काही प्रतींत या पानावरील ओळी सरकून वाकलेल्या दिसतात. छापताना फर्मा सैल होऊन खिळे सरकले हे उघड आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा. सरळ ओळींच्या प्रती आधीच्या आणि खिळे नंतर सरकले, असा एक तर्क. खिळे आधीच सरकले, ते लक्षात आल्यावर यंत्र थांबवून फर्मा पुन्हा आवळला आणि सरळ ओळी त्यानंतरच्या, असा दुसरा. दोन्ही तर्क मुद्रणतंत्राच्या दृष्टीने शक्य आहेत. हॅमंड व अँडरसन यांची टॉल्किन यांच्या पुस्तकांची १९९३ची वर्णनात्मक सूची आजही या विषयाचा मुख्य आधार मानली जाते. तरी तिच्या आधारे विक्रेते जे ठाम दावे करतात त्यांना प्रतींचाच पुरावा पुरेसा आहे असे दिसत नाही. कागद बांधणीकडे जाताना गठ्ठे वरखाली होतात, त्यामुळे आधी छापलेला फर्मा नंतर बांधला जाणेही अशक्य नाही. कोणत्याही एका ‘स्टेट’साठी जादा पैसे न मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

हॅरी पॉटर मालिकेचा पहिला भाग ब्लूम्सबरीने २६ जून १९९७ रोजी काढला. पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छपाईच्या ५०० प्रती निघाल्या व त्यांतील ३०० ग्रंथालयांकडे गेल्या, हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. त्याच दिवशी आलेल्या पेपरबॅकची छपाई त्याच्या सुमारे दहापट होती. तपासण्याच्या खुणा अशा : अंकांची ओळ १०पासून १पर्यंत पूर्ण, कॉपीराइट ‘जोआन रोलिंग’ या पूर्ण नावाने, ५३व्या पानावरील शालेय साहित्याच्या यादीत ‘१ छडी’ दोनदा, आणि मलपृष्ठावर ‘फिलॉसॉफर्स’ या शब्दातील एक ‘ओ’ गळालेला. या चारही खुणा एकत्र हव्यात. पूर्ण नावाचा कॉपीराइट पुढील काही छपायांतही आहे, तेव्हा त्या एकाच्या बळावर केलेली जाहिरात गैरसमजाची किंवा त्याहून वाईट कशाची तरी असते. या पुठ्ठाबांधणीला मुळात वेगळे वेष्टन नव्हते, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले होते. ‘मूळ वेष्टनासह’ असे वर्णन आले तर तेथेच थांबावे. प्रसिद्धीपूर्वीच्या प्रूफ प्रतींच्या शीर्षकपृष्ठावर लेखिकेचे आद्याक्षर चुकून ‘जे. ए.’ असे छापले गेले.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’बाबत (१९८३) वाद देशाचा आहे. पुस्तकाचे कागद अमेरिकेत सेंट मार्टिन्स या प्रकाशनसंस्थेने छापले आणि त्यांतील ५०६ प्रती कॉलिन स्माइथ यांनी ब्रिटनमध्ये काढल्या. छपाईचे ठिकाण पाहावे तर मान अमेरिकी प्रतीकडे जातो. परंतु मूळ प्रकाशक स्माइथ व लेखक ब्रिटिश, म्हणून बाजार ब्रिटिश प्रतीलाच पहिली मानतो. लेखकाच्या देशातील आवृत्तीला झुकते माप देण्याचा हा रिवाज इतरत्रही आढळतो.

बुक क्लबच्या (सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या) प्रती हा नवख्यांचा नेहमीचा खड्डा. अमेरिकी बुक क्लबच्या प्रतींत वेष्टनाच्या घडीवर किंमत नसते, मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात लहान दाबठसा असतो, कागद हलका व आकार किंचित कमी असतो. डबलडेच्या सायन्स फिक्शन बुक क्लबने शेवटच्या काही पानांत शिलाईच्या कडेला एक अक्षर व दोन आकडे असा संकेत छापला. त्यावरून छपाईचा काळ काढता येतो. यांतील काही प्रतींत ‘फर्स्ट एडिशन’ ही ओळ तशीच राहिली आहे.

वेष्टन : विसाव्या शतकातील पुस्तकांच्या किमतीचा मोठा वाटा, अनेकदा निम्म्याहून कितीतरी जास्त, वेष्टनात असतो. म्हणूनच नकली वेष्टने आणि दुसऱ्या प्रतीवरून उचलून चढविलेली वेष्टने येथे फार. दहापट भिंगाखाली पाहावे : जेथे मुळात सपाट रंग होता तेथे चाररंगी ठिपके दिसले तर वेष्टन छायाप्रत होय. अतिनील दिव्याची चाचणीही उपयोगी आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी चकाकणारी द्रव्ये साधारण १९५०नंतर रूढ झाली, तेव्हा १९३७चे म्हणविणारे वेष्टन निळसर उजळले तर ते नंतरचे आहे. १९५४-५५च्या वेष्टनांना ही चाचणी तितक्या निश्चितपणे लागू पडत नाही. चढविलेले वेष्टन उंचीतील एखाददुसऱ्या मिलिमीटरच्या फरकाने किंवा पुठ्ठ्यावरील उन्हाच्या डागाशी न जुळणाऱ्या फाटीमुळे उघडे पडते. किंमत कापलेला कोपरा असल्यास मूल्य घटते. कापण्याचे कारण पुस्तक भेट दिले गेले हे असो वा बुक क्लबची प्रत लपविणे हे असो, विकत घेणाऱ्याला फरक पडत नाही. फाटीला आतून साधी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो व काढणे जिकिरीचे होते. पारदर्शक पॉलिएस्टरचे आवरण घडी घालून, कोठेही न चिकटविता चढवावे.

प्रतीची स्थिती : ‘फाइन’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’, ‘पुअर’ ही श्रेणी प्रचलित आहे, तिरप्या रेघेच्या आधी पुस्तकाची व नंतर वेष्टनाची श्रेणी लिहितात. ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे, वाचण्याजोगे पण दमलेले, हे ठाऊक नसल्याने टपालाने मागविणाऱ्यांची निराशा होते. वर्णनात कण्याचा कल, उडालेला रंग, तांबूस ठिपके, अस्तरपानावरील नाव, सुट्या झालेल्या पानांची संख्या व न खपलेल्या साठ्यातील प्रतीची खूण म्हणून पानांच्या कडेला मारलेली रेघ यांची नोंद हवी. ग्रंथालयाची प्रत सहसा फार कमी दराने जाते. पॉटरच्या पहिल्या पुठ्ठाबांधणीला हा नियम लागत नाही, कारण बाजारात येणाऱ्या प्रतींचा मोठा भाग ग्रंथालयांचाच आहे. शिक्का खरवडलेली किंवा अस्तरपान बदललेली प्रत शिक्क्यासहित प्रतीपेक्षा वाईट समजावी; दुरुस्ती लपविल्यास पुढे पैसे परत करण्याची वेळ येते.

स्वाक्षरी थेट पानावर असेल तर तिला चिकटविलेल्या चिठ्ठीवरील सहीपेक्षा जास्त भाव येतो. लेखकाने ओळखीच्या व्यक्तीस लिहून दिलेली प्रत याहून वरची. टॉल्किन यांनी आपल्या विद्यार्थिनीला जुन्या इंग्रजीत मजकूर लिहून दिलेली ‘हॉबिट’ची प्रत २०१५मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत १,३७,००० पौंडांना गेली.

किंमत : विक्रेत्याने लावलेली किंमत ही किंमत नव्हे. संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे पडून असलेल्या प्रतींचे आकडे प्रत्यक्ष व्यवहाराबद्दल एवढेच सांगतात की त्या भावाला गिऱ्हाईक मिळालेले नाही. म्हणून पूर्ण झालेल्या विक्रींच्या नोंदी व लिलावांचे निकाल काढावेत; शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतील, त्याच छपाईच्या व जवळपास त्याच स्थितीच्या तीन ते पाच प्रती घ्याव्यात आणि सर्वांत वरची व खालची रक्कम बाजूला ठेवावी. लिलावातील आकडा बोलीचा की खरेदीदाराचे शुल्क धरून, हे पाहणे आवश्यक. हे शुल्क बोलीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असू शकते. विकणाऱ्याच्या हाती बोलीतूनही दलाली व विमा वजा होऊन रक्कम येते. व्यापारी स्वतः घेतो तेव्हा अपेक्षित विक्रीच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी देतो. भांडवल अडकून पडण्याचा धोका पाहता ते गैरवाजवी म्हणता येत नाही.

विक्रमी आकड्यांवरून सामान्य प्रतीचा भाव काढू नये. पॉटरच्या पहिल्या भागाची पुठ्ठाबांधणीची पहिली छपाई डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेतील हेरिटेज लिलावात ४,७१,००० डॉलरला विकली गेली; त्या प्रतीची स्थिती असाधारण होती. उलट ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या, एस या अमेरिकी प्रकाशनाने १९६५मध्ये काढलेल्या पेपरबॅकचा इतिहास कितीही रंजक असो (लेखकाच्या परवानगीविना छापलेल्या, ७५ सेंट किमतीच्या प्रती), त्या विपुल असल्याने बेताच्याच दराने मिळतात.

भारतातील स्थिती : मुंबईत फोर्ट-फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवर किंवा पुण्यात जुन्या पुस्तकांत इंग्रजी फँटसी भरपूर दिसते. मात्र तेथील अनेक प्रती ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शेरा असलेल्या किंवा सरळ चोरीछपाईच्या असतात. चोरीच्या प्रतीत कॉपीराइटचे पान जसेच्या तसे उतरविलेले असल्याने अंकांची ओळही १सहित येते. पातळ करडा कागद, पसरलेली शाई व शिलाईऐवजी नुसता गोंद यांवरून ती ओळखावी. कोकण व मुंबईच्या हवेत कसर व बुरशी हे मुख्य शत्रू. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि पावसाळ्यात पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, कारण आत अडकलेली ओल बाहेर जात नाही. पॉटर मालिकेच्या मराठी अनुवादांच्या पहिल्या छपायांना अद्याप स्थिर बाजार दिसत नाही.

अलीकडे रंगविलेल्या कडा, क्रमांकित प्रती व वर्गणीदारांसाठीच्या विशेष आवृत्त्यांचे पेव फुटले आहे. त्यांचे भाव प्रसिद्धीनंतरच्या काही आठवड्यांत चढतात व पुनर्छपाई जाहीर होताच उतरतात. अशी प्रत विकायची असेल तर मूळ खोके, प्रमाणपत्र व क्रमांकाचे पान यांची छायाचित्रे द्यावीत आणि पाठविताना चारही कोपऱ्यांना गादी देऊन खोक्यात खोके घालावे. टपालात सर्वांत आधी कोपरेच दबतात.