केबलची लाल वायर आम्ही का कापून देतो

आमच्याकडून यूएसबी टू टीटीएल केबल (रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाचा सिरीयल पोर्ट लॅपटॉपला जोडणारी) नेली की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला, अहो चार वायरची केबल सांगितली होती, लाल तर कापलेली दिसतीये, वापरलेली केबल दिली का? नाही हो. नवीन आहे, पाकीट आम्हीच फोडतो, लाल वायर कापतो आणि टोकाला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) घालतो. एकदाच लिहून ठेवतोय म्हणजे संध्याकाळी पुण्याच्या तापकीर गल्लीत गर्दी असताना काउंटरवर परत परत सांगायला नको.

प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत रोज कोणी ना कोणी येतं, "दादा बोर्ड मेलाय, लाइट लागते पण बूटच होत नाही". आम्ही काय करतो तर सगळ्या वायरी काढतो, आमचा अडॅप्टर लावतो, आणि बोर्ड समोरच उठतो. यात आमचा अर्धा तास जातो आणि त्या पोराची सबमिशनच्या आदल्या दिवसाची झोप. बहुतेक वेळा कारण तेच असतं, लाल वायर.

ती वायर म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीचे ५ व्होल्ट. केबलला चार वायरी आहेत म्हणजे चारही लावायच्या असंच कोणालाही वाटतं, मग ती जाते बोर्डाच्या पिन २ नाहीतर ४ वर, म्हणजे ५ व्होल्टच्या पिनेवर. आता साधा यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपचा, आणि रास्पबेरी पाय ४ ला कंपनीच ३ अँपचा अडॅप्टर सांगते, पाय ५ ला तर ५ अँपचा. त्यामुळे होतं काय की लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतो आणि प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागले की व्होल्टेज बसतं, ४.६३ च्या खाली गेलं की अंडरव्होल्टेजची वॉर्निंग, मग रीस्टार्ट, मग परत तेच. असं चार-सहा वेळा झालं की एसडी कार्डवरची फाइल सिस्टीम खराब होऊ शकते, आणि मग तुम्ही लाल वायर काढून बघता तरी बोर्ड उठत नाही, म्हणता वायरीचा काही संबंध नाही. संबंध आहे, फक्त आता कार्ड पण परत लिहायला लागणार.

अडॅप्टर पण आहे आणि लाल पण लावलीये, हे त्याहून वाईट. दोन सप्लाय एकाच लाइनवर आले की करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टकडे जाऊ शकतो. शिवाय तुम्ही अडॅप्टरचं बटण बंद-चालू करून "पाच वेळा रीसेट केला" म्हणता तेव्हा बोर्ड मुळात बंदच झालेला नसतो, लॅपटॉप त्याला पोसतोय.

आम्ही उगाच अतिशहाणपणा करतोय असं वाटत असेल तर २०२३ ला आलेला पाय ५ बघा, त्याच्या दोन एचडीएमआयच्या मध्ये डीबगचं छोटं कनेक्टर आहे, त्याला पिनाच तीन. टीएक्स (डेटा पाठवायची), आरएक्स (डेटा घ्यायची), ग्राउंड. पॉवर दिलेलीच नाहीये.

लाल काढूनही अडलं तर संशय केबलच्या टीएक्स वायरवर घ्या (बऱ्याचदा हिरवी असते, पण रंगावर जाऊ नका, स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले असतात). काही डेटा जात नसताना टीएक्स ३.३ व्होल्टवरच बसून असते, आणि बोर्ड बंद असला तरी ती आरएक्स पिनच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून थोडा करंट आत सोडते, बोर्ड धड मेलेला नाही धड जिवंत नाही असा राहतो आणि पॉवर आल्यावर नीट रीसेट होत नाही. बघायचं असेल तर अडॅप्टर काढा, केबल राहू द्या, आणि मल्टीमीटर पिन १ (बोर्डाचे ३.३ व्होल्ट) आणि ग्राउंडवर लावा. शून्याच्या आसपास पाहिजे. एक-दीड व्होल्ट दिसलं तर चोर सापडला. बूटचे मेसेज नुसते वाचायचे असतील तर दोनच वायरी पुरतात, ग्राउंड आणि बोर्डाच्या टीएक्सवरून केबलच्या आरएक्सला. टाइप करायचंच असेल तर केबलच्या टीएक्स वायरीत १ के (१००० ओहम) चा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, ११५२०० च्या स्पीडला (सेकंदाला इतके बिट) काही फरक पडत नाही.

भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यांचं वेगळंच निघालं. त्यांचा बोर्ड रोज चालायचा आणि गुरुवारी लाइट जाऊन आली की अडकायचा, दोन बोर्ड बदलून झाले. वजनकाटा मधल्या कन्व्हर्टरमधून कन्सोलच्याच (बूटचे मेसेज येतात त्या) सिरीयल पोर्टवर जोडला होता, काटा सतत आकडे पाठवतो, लाइट आल्यावर दोघं एकदम सुरू झाले की यू-बूटला (लिनक्सच्या आधी चालून ते लोड करणारा प्रोग्राम) वाटतं कोणीतरी की दाबली आणि तो ऑटोबूट (आपोआप पुढे जाणं) थांबवून प्रॉम्प्टवर बसून राहतो. एरवी काटा नंतर चालू करायचे म्हणून चालायचं. काटा दुसऱ्या यूएआरटीवर (सिरीयल पोर्टवर) हलवला, विषय संपला. हलवता येत नसेल तर यू-बूटमध्ये बूटडिले (बूटआधी किती थांबायचं ते सेटिंग) उणे २ करा, उणे १ नाही, उणे १ ने ऑटोबूटच बंद होतं आणि मग आम्हालाच फोन येतो.

बाकीचं पटकन. स्क्रीनवर कचरा दिसला तर स्पीड बघा, पाय ११५२०० वर असतो पण रॉकचिप कंपनीच्या प्रोसेसरचे बरेच बोर्ड १५००००० वर बोलतात आणि जुनी सीपी२१०२ चिपवाली केबल तिथपर्यंत जातच नाही, त्यांच्यासाठी सीएच३४० वाली मागा. काहीच दिसत नसेल तर पायवर कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी चालू केलंय का बघा. कन्व्हर्टरवर जंपर असेल तर तो ३.३ वरच, ५ वर ठेवून आरएक्स पिन जाळली तर ती वॉरंटीत येत नाही, यावर वाद घालू नका प्लीज. आणि केबलच खराब आहे असं वाटत असेल तर बोर्ड बाजूला ठेवून तिची टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडा आणि टर्मिनलमध्ये टाइप करा, अक्षरं परत आली तर केबल चांगली आहे.

वायर कापायचे आम्ही पैसे घेत नाही, चार वायरची पाहिजे असेल तर तशीही मिळेल, फक्त बिल करताना सांगा. मशीनवर कायमचं लावणाऱ्यांनी आयसोलेटेड कन्व्हर्टर (लॅपटॉप आणि बोर्डाची वीज एकमेकांपासून वेगळी ठेवणारा) घ्यावा, महाग आहे, पण ज्याची बोर्डाकडची बाजू बोर्डाच्याच ३.३ वर चालते असा घ्या म्हणजे टीएक्स वायरीचा वरचा सगळा प्रकार होत नाही. दुकानात डेमोला लावून ठेवलाय.

बोर्ड दाखवायला आणताना नुसता बोर्ड आणू नका. तोच अडॅप्टर, तीच केबल, तेच कार्ड, आणि वायरी कशा लावल्या होत्या त्याचा काढण्याआधीचा फोटो.