उम्म अल-जिमाल: लाकडाविना उभं राहिलेलं गाव

जुलै 2024मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक दिल्लीत भरली. आपल्याकडे बातमी झाली ती आसामच्या मोइदमांची, म्हणजे अहोम राजांच्या समाधी-टेकड्यांची. जॉर्डनचं उम्म अल-जिमाल, म्हणजे ‘उंटांची आई’, त्याच बैठकीत यादीत आलं.

तिथला दगड आपल्या ओळखीचा: काळा कातळ, बसाल्ट. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा बराच तरुण. दक्षिण सीरियापासून सौदी अरेबियापर्यंत पसरलेल्या या लाव्हाच्या वाळवंटाला हर्रत अश-शाम म्हणतात. लाव्हा वरून थिजला, आत वाहत राहिला आणि ओसरल्यावर बोगदे उरले. जॉर्डनमधला अल-फहदा 900 मीटरहून लांब आहे.

वरवर पाहता हा मुलूख ओसाड. 1920च्या दशकात कैरो-बगदाद टपाल नेणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र वरून दगडी भिंतींच्या लांबलचक रेषा दिसल्या. तिथल्या भटक्या अरबांना, बदूंना विचारलं तर उत्तर मिळालं, ‘जुन्या माणसांची कामं’. वैमानिकांनी त्यांना ‘पतंग’ म्हटलं, कारण आकार तसाच. हरणांचे कळप हाकत आणून कोंडायचे हे सापळे, हजारो वर्षांपूर्वीचे. त्याहून जुनी गोष्ट याच वाळवंटातल्या शुबैका इथल्या चुलीत सापडली: 14,400 वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे. शेती सुरू व्हायला तेव्हा सुमारे 4,000 वर्षं बाकी होती! पीठ रानगव्हासारख्या धान्याचं आणि पाणवनस्पतीच्या कंदांचं.

उम्म अल-जिमाल यापुढे कालचंच. पहिल्या शतकात नबातियनांची, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या अरबांची वस्ती, मग रोमन, मग बायझंटाइन (पूर्व रोमन), पंधराएक चर्च. पण मला त्यातली सुतारकी जास्त भावते, जी सुतारकी नाहीच. तुळयांजोगं लाकूड इथे मिळेना, म्हणून पाथरवटांनी बसाल्टच्याच लांब फरशा काढल्या. भिंतीतून दगड थोडे पुढे काढायचे, त्यांवर या फरशा आडव्या टाकायच्या, की छत तयार. अशी दुमजली-तिमजली घरं उठली. पिण्याचं पाणी पावसाचंच, ओढ्यातून वळवून टाक्यांत साठवलेलं.

आठव्या शतकात भूकंप झाला, पुढे गाव ओस पडलं. 1905च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या हॉवर्ड क्रॉस्बी बटलर यांनी या घरांचे नकाशे काढले. काही वर्षांतच सीरियाकडून आलेली द्रूझ या धर्मपंथाची कुटुंबं इथे राहायला आली. त्यांनी पडक्या भिंती सारख्या केल्या आणि हजारएक वर्षं रिकाम्या पडलेल्या त्याच खोल्यांत संसार मांडले.