वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांचा धोका (ग्रामीण विदर्भ)

वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर आणि साप यांच्यापासून माणसाच्या जिवाला असलेला धोका. विषय निघाला की आधी चंद्रपूरचे नाव येते, आणि ते रास्तच आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, विशेषतः ब्रह्मपुरी वनविभागात, वाघ झुडपी जंगलात आणि धानाच्या बांध्यांलगत वावरतात. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या ‘अवनी’ वाघिणीवर १३ जणांच्या मृत्यूचा ठपका होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घालण्यात आली.

मृत्यूंच्या संख्येला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले की धोका नगण्य दिसतो. हा भागाकार फसवा आहे. मूल गावच्या बाजारपेठेतला दुकानदार आणि सिंदेवाही तालुक्यात मोहफुले वेचणारी बाई एका सरासरीत कशी बसणार? मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे गळतो, त्यामुळे पुरते उजाडण्याआधीच जंगल गाठावे लागते, आणि मोहावर अस्वलाचाही डोळा असतो. वाकलेला माणूस वाघाला भक्ष्यासारखा भासतो, असे मानले जाते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतानाही तेच. सरपण आणि गुरे तर वर्षभराची.

रानडुक्कर मुख्यतः पीक नासवते. त्यासाठी रात्रीची जागल आली आणि काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडणे आले. या तारांनी वाघ मेले, माणसेही मेली.

सापाची भीती मात्र वाघाएवढी कोणी बाळगत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. वाघाच्या हल्ल्यांतील मृत्यूंची देशभरातली नोंद अलीकडे वर्षाला शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असते. मण्यार रात्री, भुईवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखू लागते आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी नीट खोचणे आणि मांत्रिकाऐवजी थेट प्रतिविष असलेले रुग्णालय गाठणे एवढ्याने यातले बरेच मृत्यू टळू शकतात.

वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून २ लाख मिळतात.