पणजीच्या पडद्यावरचा आठवा बिट

नव्वदच्या आसपास पणजीतल्या एका कार्यालयात मी डेटा एन्ट्रीला होते. आमच्या एका टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डावर, ओळीतलं ऐंशीवं अक्षर भरलं की पुढचं अक्षर मधूनच गायब व्हायचं. तक्रार मुंबईला गेली आणि तीन आठवड्यांनी रात्रीच्या बसनं सर्व्हिस इंजिनिअर आले. बरोबर काळ्या फोममध्ये खोचलेली एक चिप. त्यांनी मागचं झाकण काढलं, जुनी ईप्रॉम, म्हणजे टर्मिनलचा प्रोग्राम साठवलेली चिप, अलगद उचकटली आणि नवी बसवली. तिच्या काचेच्या खिडकीवर व्हर्जनचा आकडा लिहिलेला स्टिकर होता. आमच्या पावसाळी हवेनं काळवंडलेल्या शेजारच्या चिपांचे पायही त्यांनी खोडरबरानं घासून घेतले. मग मी मोजून ऐंशी अक्षरं टाइप केली. एक्याऐंशीवं मुकाट्यानं खालच्या ओळीवर आलं.

दोष असा चिप बदलून जाणं ही सोय टर्मिनलांना सुरुवातीपासून नव्हती. लिअर सीगलर कंपनीचं 1976 मधलं एडीएम-3ए हे स्वस्त म्हणून खूप खपलेलं टर्मिनल. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, सगळं वागणं बोर्डावरच्या जोडण्यांत पक्कं केलेलं. इंग्रजीची लहान लिपीसुद्धा मूळ किमतीत नव्हती, ती जास्तीचे पैसे भरून घ्यावी लागे.

ऑगस्ट 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं (डेकचं) व्हीटी100 आलं. त्यात इंटेलचा 8080 हा मायक्रोप्रोसेसर होता आणि टर्मिनलनं कसं वागायचं ते रॉममधल्या, म्हणजे कायमच्या मेमरीच्या चिपांतल्या, प्रोग्रामवर ठरायचं. त्यामुळे प्रोग्राममधली चूक रॉम बदलून काढता येऊ लागली. विकलेल्या यंत्रांत असे बदल करण्यासाठी डेकची ‘फील्ड चेंज ऑर्डर’ नावाची रीतसर पद्धत होती. माझ्या मते ही पद्धत यंत्राइतकीच मोलाची. आपल्या हातून चूक झाली आहे आणि ती गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन निस्तरायची आहे, हे त्यात लेखी मान्य केलेलं असे.

पण व्हीटी100ची सगळ्यांत ठळक उणीव रॉमनं सुटणारी नव्हती. मेमरीच तोकडी होती. 132 अक्षरांच्या रुंद ओळी निवडल्या की पडद्यावर 24 ऐवजी 14च ओळी मावत. उपाय होता ‘ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शन’ नावाचा जादा बोर्ड. तो बसवला की 24 ओळी पूर्ण होत, आणि ठळक नि लुकलुकणारी अक्षरंही मिळत. मात्र तो वेगळा विकत घ्यावा लागे, आणि हे मला आजही पटत नाही. 1981च्या व्हीटी102मध्ये ही सोय मुळातच आली.

ज्यांनी बोर्ड घेतला नाही, त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाच वाट काढावी लागली. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी टर्मकॅप तयार केलं: कोणतं टर्मिनल काय करतं आणि कुठे अडतं, याची यादी. हेझल्टाइन कंपनीच्या टर्मिनलांना टिल्ड (~) हे चिन्ह दाखवता येत नसे, तर त्या खोडीसाठी यादीत स्वतंत्र खूण आहे. बोर्ड नसलेल्या व्हीटी100चीही वेगळी नोंद आहे, आणि ती आजच्या लिनक्सबरोबर येणाऱ्या यादीतही सापडते.

आपल्या लिपीचा प्रश्न याच वाटेवर उभा होता. व्हीटी100 सात बिटांचं, म्हणजे एकेका अक्षराला शून्य-एकाच्या सातच जागा; त्यातून होणाऱ्या 128 संकेतांत इंग्रजीच मावायची. 1983च्या व्हीटी220नं आठवा बिट दिला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्राचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम तिथे आलं, आणि 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं. त्यात इंग्रजी खालच्या 128 संकेतांत राहिली आणि आपली अक्षरं वरच्या अर्ध्यात बसली. गोव्याला याची निकड होतीच. 1987च्या राजभाषा कायद्यानं देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा मिळाली. लिपी दोघींची एकच.

आमच्याकडे देवनागरी टर्मिनल आलं त्या दिवशी मी पहिला शब्द टाइप केला, ‘पणजी’. पडद्यावर उमटलं ते इंग्रजी एच, मग ए, मग एकाखाली एक दोन टिंबं आणि शेवटी उलटी तिरकी रेघ. टर्मिनल सदोष निघालं, असंच सगळ्यांना वाटलं. पण प्रत्येक अक्षराचा आठवा बिट वाटेतच गळत होता. इस्कीत ‘प’चा आकडा 200, त्यातून आठव्या बिटाचे 128 गेले की उरतात 72, आणि तो एचचा आकडा. मोठ्या संगणकाकडची लाइन जुन्या टर्मिनलांसाठी सात बिट, इव्हन पॅरिटी (आठवी जागा फक्त चूक तपासायला) अशी लावलेली होती, ती कुणी बदललीच नव्हती. दोन्ही टोकांना आठ बिट, नो पॅरिटी केलं. मी परत चार कळा दाबल्या, आणि ‘पणजी’ आलं, वेलांटीसकट.