डोक्यावर दुसरा फटका बसला की स्मृती परत येते?

मानसशास्त्रीय थरारपटांनी एक समजूत पक्की रुजवली आहे: मार लागला की माणूस स्वतःचं नाव विसरतो, बालपण विसरतो आणि पुन्हा मार लागला की सगळं लख्ख आठवतं. यातला दुसरा भाग तर साफ खोटा आहे. दुसऱ्या आघाताने मेंदूची इजा वाढते, स्मृती परतत नाही.

मेंदूच्या इजेत बहुधा उलटं घडतं. नाव, घर, जुनी माणसं आठवतात. नव्या आठवणी मात्र साठत नाहीत. १९५३ साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. पुढे २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत भेटलेली माणसं ते काही वेळातच विसरत. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय याचा त्यांना पत्ताच नसे! म्हणजे स्मृती ही एकच पेटी नव्हे.

म्हणूनच अशा थरारपटात स्मृती गमावून चुकीची गोष्ट सांगणाऱ्या निवेदकाला सरसकट लबाड ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. काही रुग्णांचा मेंदू रिकाम्या जागा कल्पनेने भरून काढतो, आणि सांगणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं. फसवण्याचा हेतूच नसतो. स्वतःची ओळखच पुसली जाणं क्वचित घडतं. बहुतेकदा त्यामागे तीव्र मानसिक धक्का असतो.